उंदराचा मागचा पाय

उंदराच्या गालात मिरचीतलं कॅप्सेसिन टोचलं, की तो पुढच्या पंजाने गाल पुसत राहतो. त्याच जागी हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन टोचलं, तर मागचा पाय उचलून भराभर खाजवतो. येल विद्यापीठातल्या शिमादा आणि लामोट यांनी २००८ मध्ये हे दाखवलं, आणि खाजेवर काम करणाऱ्यांची एक जुनी अडचण सुटली. तोवर रसायन मानेमागे टोचायची पद्धत होती. तिथे दुखलं काय नि खाजलं काय, मागचाच पाय वर जायचा. गालावर मात्र फरक कळतो: पुढचा पाय म्हणजे वेदना, मागचा म्हणजे खाज.

हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने १६६० मध्येच सांगून ठेवलं होतं, की खाजवावंसं वाटायला लावते ती नकोशी संवेदना म्हणजे खाज. ही व्याख्या उंदरालाही चालते, कारण त्याला फक्त खाजवायचं आहे, सांगायचं काही नाही. मोजणाऱ्याचं काम तेवढं किचकट. चित्रफीत सावकाश फिरवत पाय किती वेळा उठला ते टिपायचं. काही प्रयोगशाळांत उंदराच्या मागच्या पायांत कातडीखाली इवलंसं चुंबक बसवतात. पाय हलला की भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात विजेची लहर उमटते आणि यंत्र मोजत जातं.

पण नुसती खाज म्हणजे अॅटोपिक डर्मटायटिस नव्हे. लहान मुलांच्या कोपराच्या आणि गुडघ्यांच्या वळ्यांत लाल, कोरडे चट्टे उठतात, रात्र रात्र झोप लागत नाही, बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा उसळतं. घरात आपण त्याला नुसतं इसब म्हणतो. हे दुखणं उंदरात कुठून आणायचं?

जपानमधल्या एनसी/एनजीए जातीच्या उंदरांना ते आपसूक होतं, पण एका अटीवर. साध्या खोलीत वाढवले तर कातडी सुजते, रक्तात आयजीई हे अॅलर्जीतलं प्रतिपिंड वाढतं. जंतूंपासून जपून, काटेकोर स्वच्छतेत वाढवले तर काहीच होत नाही. त्यांच्या केसांत राहणाऱ्या माइट्स या बारीक किड्यांवर नंतर संशय गेला. म्हणजे नुसत्या जनुकांनी भागत नाही, परिसराचीही साथ लागते.

दुसरी वाट गमतीची आहे. कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध सोरायसिसच्या मलमात वापरतात. तेच उंदराच्या कानाला रोज लावलं, तर काही दिवसांत कान लाल होऊन जाडावतो. एका रोगावरचं औषध दुसऱ्या रोगाची नक्कल करतं! कातडीच्या पेशी टीएसएलपी नावाचं प्रथिन सोडतात आणि अॅलर्जीची फौज जमते. पुढे २०१३ मध्ये दिसलं, की हे प्रथिन थेट मज्जातंतूंनाही चेतवतं आणि खाज सुटते.

मग टीएसएलपी अडवलं की काम झालं? उंदरांकडे पाहून तसंच वाटत होतं. टेझेपेलुमॅब हे औषध नेमकं तेच करतं, आणि दम्यावर त्याला मान्यताही मिळाली. पण इसबाच्या रुग्णांवरच्या चाचणीत त्याने निराशा केली. उंदराची कातडी पातळ, केस दाट. तिथे जे खरं ते आपल्या कातडीत तितकंच खरं असेल असं नाही. उलट इंटरल्यूकिन-३१ हे खाज सुटवणारं प्रथिन जास्त बनवणारे उंदीर २००४ मध्ये तयार केले, तेव्हा ते खाजवून खाजवून केस गमावून बसले. आणि ते प्रथिन पेशीवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं तो अडवणारं नेमोलिझुमॅब हे औषध आज माणसांना खरंच उपयोगी पडतं आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो पिट्सबर्ग विद्यापीठातल्या डॅनियल कॅप्लन यांच्या गटाचा, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यांनी उंदरांच्या कानांवर अॅलर्जी उठवली आणि काहींच्या गळ्यात शंकूसारखी कॉलर घातली, म्हणजे पाय कानापर्यंत पोचू नये. खाज होतीच, फक्त खाजवता येईना. त्यांची सूज बरीच कमी राहिली. खाजवलं की वेदना वाहणारे मज्जातंतू सबस्टन्स पी नावाचं रसायन सोडतात, त्याने अॅलर्जीतल्या मास्ट पेशी आणखी भडकतात आणि दाह वाढतो. खाजवून खरूज काढणे हा आपला वाक्प्रचार असा प्रयोगशाळेत सिद्ध झाला म्हणायचा. (खरूज माइट्समुळे होते, खाजवण्याने नाही, पण वाक्प्रचाराला कोण अडवणार?) गंमत म्हणजे खाजवण्याने कातडीवरचे स्टॅफिलोकोकस जिवाणूही घटले. हा प्रयोग अॅलर्जीच्या ताज्या उद्रेकावर होता. वर्षानुवर्षं चिघळलेल्या, मुळातच फुटलेल्या कातडीला खाजवण्याचा तो फायदा मिळेल असं त्यावरून म्हणता येत नाही.

त्या कॉलरचा खरा धनी कुत्रा. त्याला हा आजार कुणी द्यावा लागत नाही. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांना घरातल्या धुळीतल्या माइट्सनी आपोआप होतो. पंजे चाटून चाटून ते लाल करतात. आणि इंटरल्यूकिन-३१ अडवणारं इंजेक्शन, लोकिव्हेटमॅब, कुत्र्यांसाठी बाजारात आलं ते माणसांच्या नेमोलिझुमॅबच्या कितीतरी आधी.