शेततळ्यासाठी अनुदान: अर्ज कुठे, कागद कोणते, पैसे कधी

महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हा अनुदानाची कमाल मर्यादा ५०,००० रुपये होती. २०२२ पासून वैयक्तिक शेततळ्याचा घटक मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आहे आणि मर्यादा ७५,००० रुपये झाली आहे. ही कमाल रक्कम आहे. लहान तळ्याला तेवढी मिळत नाही, आकारमानाप्रमाणे कमी होते.

पात्रतेत पहिला प्रश्न जमिनीचा. अर्जदाराच्या नावावर किमान ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन हवी, कोकणात ०.२० हेक्टर चालते. याआधी शेततळ्यासाठी शासकीय अनुदान घेतलेले नसावे. जागाही तांत्रिकदृष्ट्या योग्य पाहिजे, आणि ते कृषी विभागाचा माणूस शेतात येऊन ठरवतो.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचा. स्वतः मोबाइलवरून जमत नसेल तर सीएससी केंद्रातून भरता येतो. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे लोक ज्याला फार्मर आयडी म्हणतात तो, सक्तीचा आहे. तो काढताना आपल्या जमिनीचे सगळे गट क्रमांक त्याला जोडले गेलेत ना, हे तपासा. ज्या गटात तळे घ्यायचे तोच राहून गेला तर अर्ज तिथेच अडतो. पूर्वी लॉटरी लागायची. आता आधी अर्ज करणाऱ्याला आधी प्राधान्य आहे, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट पाहण्यात अर्थ नाही.

कागद फारसे नाहीत: सातबारा, आठ-अ, आधार, आधारशी जोडलेले बँक खाते, अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांसाठी जातीचा दाखला. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्रही तयार ठेवा, कारण सह्या गोळा करण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. आधारवरचे आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नसेल तर अर्जाआधी तलाठ्याला गाठा.

पूर्वसंमती, म्हणजे खोदण्याआधीची कृषी विभागाची मंजुरी, मिळाल्याशिवाय जेसीबी बोलवायचा नाही. शेजारी मशिन आले आहे, भाडे वाचेल, म्हणून आधीच खोदलेल्या तळ्याला अनुदान मिळत नाही. आगाऊ रक्कमही नसते. खर्च आपण करायचा, काम ठरल्या मुदतीत संपवायचे, मग मोजमाप होते आणि पैसे थेट खात्यात येतात. मंजूर आकारमानाचेच तळे खोदावे लागते, म्हणून अर्जात आकार निवडण्याआधी जरा हिशेब करा. ३० बाय ३० मीटरच्या, ३ मीटर खोल तळ्यात, काठाचा उतार एकास एक धरला तर २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. पण त्यासाठी नऊ गुंठे जमीन पिकाखालून जाते, बांध आणि मातीचा ढीग वेगळाच. दीड एकरवाल्याने याहून लहान तळे घेतलेले बरे, असे माझे मत.

काम झाल्यावर तळ्याची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी लागते. पावसाळ्यात गाळ आत येऊ न देणे आणि पुढची दुरुस्ती ही जबाबदारी शेतकऱ्याचीच. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. तिथे प्लास्टिक अस्तर लागतेच, पण त्याचा खर्च या ७५,००० मध्ये धरू नका. अस्तरीकरण हा पोर्टलवर वेगळा घटक आहे आणि त्याचा अर्जही वेगळा भरावा लागतो.