उधाण म्हणजे त्सुनामी नव्हे

‘कोकणात साडेचार मीटरच्या लाटा, त्सुनामीचा धोका’ हा मेसेज पावसाळ्यात हमखास फिरतो. साडेचार मीटर ही लाटेची उंची नसतेच. ती भरतीच्या पाण्याची पातळी, भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या शून्यापासून, म्हणजे साधारण सर्वात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येणारच. रोजच्या भरतीची वेळही ठरलेली: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे अष्टमीला साधारण सहा वाजता.

त्सुनामीला तिथी नसते. बहुतेकदा समुद्रतळ भूकंपाने हलला की ती निघते, खोल पाण्यात ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास वेगाने. २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान (आजच्या पाकिस्तानचा किनारा) भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली होती. इतक्या लांबचा धक्का इथे जाणवेलच असं नाही. म्हणून ओहोटीची वेळ नसताना पाणी झपाट्याने मागे हटलं, तर मासे वेचायला धावू नका, उंचावर जा. पहिली लाट ओसरली तरी काही तास उतरू नका. पुढची अनेकदा मोठी असते.