मॅग्नोलिया डोडेकापेटाला

सोनचाफ्याच्याच ‘मॅग्नोलिया’ प्रजातीतील (जीनस) एक सदाहरित वृक्ष. कॅरिबियन समुद्राच्या पूर्वेकडील ग्वादलूप, डॉमिनिका, मार्टिनीक, सेंट लुसिया आणि सेंट व्हिन्सेंट या ज्वालामुखी बेटांवर, डोंगरातल्या दमट जंगलांत तो वाढतो. या बेटांबाहेर तो निसर्गतः कुठेच नाही. धोक्यातील जातींच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. मार्टिनीकमध्ये त्याला ‘ब्वा पँ’ म्हणतात.

‘मॅग्नोलिया’ हे नाव जगात पहिल्यांदा मिळाले ते याच झाडाला. शार्ल प्लुमिए हा फ्रेंच संन्यासी वनस्पतींच्या शोधात अँटिलीस म्हणजे कॅरिबियन बेटांवर फिरला. मार्टिनीकमध्ये पाहिलेल्या या झाडाला त्याने १७०३ मध्ये फ्रान्समधल्या मोंपेलिए शहराचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मान्योल (Magnol) यांचे नाव दिले. पुढे मात्र हे नाव उत्तर अमेरिकेतल्या भाईबंदांकडे गेले आणि मूळ झाडाची रवानगी १७८९ मध्ये ‘तलाउमा’ या वेगळ्या प्रजातीत झाली. ते पुन्हा मॅग्नोलियात आले १९९६ मध्ये. आपला सोनचाफाही ‘मिशेलिया’तून असाच मॅग्नोलियात आला आहे. देवळापुढचा देवचाफा या कुळातला नव्हे. पण त्याचे ‘प्लुमेरिया’ हे शास्त्रीय नाव याच प्लुमिएवरून पडले, हा योग विलक्षण म्हणावा असा.

पाने मोठी, जाड व चामट. फुले पांढरी, मांसल आणि सुवासिक. ‘डोडेकापेटाला’ म्हणजे बारा पाकळ्यांचे. फुलात बाहेरची तीन दले आणि आतल्या नऊ पाकळ्या मिळून बारा होतात. मॅग्नोलियाची फुले आधी मादी आणि मग नर अवस्थेत येतात. परागण मुख्यतः भुंगेरे करतात. फळ पाहण्याजोगे असते. सोनचाफ्याला सुट्या फळांचा घोस येतो, तर इथे सगळी फळे मिळून एकच लाकडासारखा टणक गोळा होतो. तो पिकला की त्याचे कवच तुकड्यातुकड्यांनी गळून पडते आणि मधल्या दांड्याभोवती लाल गराच्या बिया उघड्या राहतात.

लाकडासाठी झालेली तोड आणि शेतीसाठी साफ केलेले उतार यांनी त्याचे क्षेत्र आक्रसले आहे. त्यात प्रत्येक बेटाचे डोंगर म्हणजे चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला लहानसा तुकडा. १८ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ चक्रीवादळ डॉमिनिकावर आदळले, तेव्हा तिथले डोंगरच्या डोंगर एका रात्रीत निष्पर्ण झाले.