थंड हवा वेगळी, ताजी हवा वेगळी: ऑफिसातल्या एसीकडून नेमकं काय मिळतं

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. भिंतीवरचं इनडोअर युनिट वरच्या जाळीतून खोलीतलीच हवा ओढतं, गार कॉइलवरून फिरवतं आणि खालून परत खोलीतच सोडतं. बाहेरच्या युनिटला जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून फक्त रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारं द्रव्य वाहतं, हवा नाही. बाहेर पंखा फिरताना दिसतो म्हणून तिथून हवा आत येत असेल, हा समज फार पसरलेला आहे. तो पंखा आतली उष्णता बाहेर टाकतो, बाकी काही करत नाही. छतात बसणाऱ्या कॅसेट एसीचंही तेच. त्याला ताज्या हवेचा पाइप जोडायची सोय असते, पण छोट्या ऑफिसात तो पाइप सहसा जोडलेलाच नसतो. काही विंडो एसींना एक छोटी झडप असते आणि ती उघडली की थोडी हवा बाहेर जाते. चार-सहा माणसांसाठी ती पुरत नाही.

म्हणजे काचा बंद, दार बंद आणि एसी चालू असलेल्या खोलीत सकाळी साडेनऊला जी हवा कोंडली, तीच हवा सगळे जण संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा श्वासात घेत असतात. ती गार असते, कोरडीही असते, म्हणून चांगली वाटते. घोटाळा होतो तो इथेच. जेवणानंतर डोकं जड होतं, जांभया येतात, कोंदट वाटतं. मग कुणीतरी रिमोट उचलून 24 चं 18 करतं. अर्ध्या तासात एसीसमोर बसलेल्यांची मान आखडते, ते शाल मागवतात, आणि डोकं जड ते जडच राहतं. तक्रार हवेची होती, उपाय तापमानावर झाला.

किती कोंडतं, याचा हिशोब कागदावर करता येतो. शांत बसून काम करणारा माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 12 बाय 15 फुटांची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे 1800 घनफूट, सुमारे 51 घनमीटर. तिथे सहा जण बसले की तासाला 108 लिटर वायू त्या हवेत मिसळतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण 420 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 420 भाग) आसपास असतं. खोली पूर्ण बंद धरली तर तासाभरात त्यात सुमारे 2100 ची भर पडते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते-जाते, दार उघडतं, त्यामुळे आकडा त्याहून कमी राहतो, पण दुपारपर्यंत 2000 च्या पुढे जायला तेवढं पुरतं. मीटिंग रूमची अवस्था याहून वाईट असते. 8 बाय 10 च्या केबिनमध्ये पाच जणांनी दार लावून बैठक घेतली तर अर्ध्या तासातच हा टप्पा गाठला जातो.

हा आकडा वाचून घाबरायचं कारण नाही. 2000 पीपीएम कार्बन डायऑक्साइडने विषबाधा होत नाही. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी ठरवलेली कायदेशीर मर्यादा 5000 आहे. इथे तो वायू खुणेचं काम करतो. तो साठलाय याचा अर्थ श्वासातून, घामातून, प्रिंटरमधून, नव्या प्लायवुडच्या गोंदातून आणि फरशी पुसायच्या द्रावणातून येणारं बाकी सगळंही साठलंय. कुणी सर्दी-तापाने आजारी असेल तर त्याच्या श्वासातले कणही त्यातच आहेत. म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच हे ओळखलं होतं आणि चांगल्या खोलीची मर्यादा म्हणून 1000 पीपीएमचा आकडा सुचवला होता. आजही तोच आकडा हाताशी धरायला सोपा आहे.

थंड हवा आणि ताजी हवा यांची गल्लत मोठ्या प्रमाणावरही झालेली आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत वीज वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद केल्या गेल्या. तिथल्या ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने 1981 च्या मानकात धूम्रपान नसलेल्या ऑफिससाठी दर माणशी ताज्या हवेचं किमान प्रमाण मिनिटाला 5 घनफुटांवर आणलं. तापमान व्यवस्थित होतं, तरी डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा अशा तक्रारी वाढल्या आणि ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं. 1989 मध्ये तोच आकडा ऑफिससाठी 20 घनफुटांवर नेला गेला. 20 घनफूट म्हणजे तासाला 34 घनमीटर. वरच्या खोलीत 1000 पीपीएमच्या आत राहायचं तर दर माणशी तासाला 31 घनमीटर हवा लागते. दोन्ही हिशोब जवळपास एकाच ठिकाणी येतात, म्हणून माणशी 30 ते 35 घनमीटर हे माप लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता तक्रार नेमकी कशाची आहे, हे ओळखायचं कसं? उपकरणाआधी नाक वापरा. दहा मिनिटं बाहेर मोकळ्यावर जाऊन परत या. दार उघडताच माणसांचा, डब्यांचा, कपड्यांचा मिश्र वास आला तर हवा शिळी आहे. आत बसलेल्यांना तो जाणवत नाही, कारण नाक पाच-दहा मिनिटांत सरावतं. एसी सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ओल्या फडक्यासारखा वास येऊन नंतर कमी होत असेल, तर तो ताज्या हवेचा प्रश्न नाही. कॉइलवर, ब्लोअरच्या पात्यांवर किंवा ड्रेन ट्रेमध्ये बुरशी धरली आहे. आणि फक्त एसीसमोरच्या दोन खुर्च्यांनाच मान-खांदे दुखणं, डोळे कोरडे होणं असा त्रास असेल, तर तो थेट झोताचा आहे. पट्ट्या वर वळवून झोत छताला समांतर करा किंवा खुर्ची हलवा. रविवारी घरी ठणठणीत आणि सोमवारी अकरापासून डोकं धरलेलं, असा प्रकार बऱ्याच जणांच्या बाबतीत होत असेल, तर संशय आधी हवेवर घ्यावा.

मोजायचं असेल तर कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या, पण त्यात एनडीआयआर सेन्सर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने हा वायू थेट मोजणारा सेन्सर आहे का ते पाहून. स्वस्त यंत्रांपैकी काही हा वायू मोजतच नाहीत. हवेतल्या इतर वाफांवरून अंदाज बांधतात, आणि कुणी सॅनिटायझर चोळलं की आकडा उडी मारतो. मीटर आधी उघड्या जागेत ठेवून 420 च्या आसपास आणून घ्यावा. मग खोलीत बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून मीटर-सव्वा मीटरवर ठेवावा. कुणाच्याही तोंडापासून किमान एक मीटर लांब, आणि खिडकी किंवा एसीच्या झोतात नको. 800 च्या खाली उत्तम, 1000 पर्यंत चालेल, 1500 च्या वर गेला तर काहीतरी करायलाच हवं.

आकडे साठवणारं मीटर असेल तर खोली किती ‘गळते’ तेही कळतं. समजा साडेसहाला सगळे गेले तेव्हा 1620 होतं. त्यातून बाहेरचे 420 वजा केले की जादा उरले 1200. तासाभराने 860 असेल तर जादा 440. एका तासात जादा भाग साधारण 37 टक्क्यांवर आला, म्हणजे खोलीतली हवा तासाला एकदा बदलते (नवी हवा जुनीत मिसळत जाते, म्हणून जुनी सगळी एकदम जात नाही). सहा जणांच्या त्या 51 घनमीटरच्या खोलीला मात्र, माणशी 31 घनमीटर धरले तर, तासाला साडेतीनहून थोडा जास्त वेळा बदल लागतो.

ही तफावत भरून काढायला सगळ्यात साधं साधन एग्झॉस्ट फॅन. सहा जणांना तासाला 186 घनमीटर हवा लागते. डब्यावर छापलेला प्रवाह जाळी, झडप किंवा पाइप नसताना मोजलेला असतो, भिंतीत बसल्यावर तो बराच घटतो. लांबलचक, वळणं घेतलेला लवचीक पाइप जोडला तर निम्म्यावरही येतो. म्हणून गरजेच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा आणि वेग कमी-जास्त करता येईल असं रेग्युलेटर त्याच्या कंपनीला विचारून लावावं.

फॅन चुकीच्या पद्धतीने बसवलेला वारंवार आढळतो. पहिली चूक, हवा आत यायला वाटच नसते. बंद खोलीत फॅन नुसता आवाज करतो. समोरच्या भिंतीत, शक्यतो बाहेरच्या बाजूने, फॅनच्या तोंडाइतकी तरी जाळी हवी. दुसरी, जाळी आणि फॅन शेजारी-शेजारी असतात. मग ताजी हवा आली तशी निघून जाते, माणसांपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही समोरासमोरच्या कोपऱ्यांत हवेत. तिसरी चूक बाहेरून दिसत नाही: फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेला फॅन हवा बाहेर न टाकता छतावरच्या पोकळीत सोडतो आणि तीच परत खाली झिरपते. पाइप इमारतीच्या बाहेर निघतो का, हे स्टुलावर चढून स्वतः पाहावं.

चौथी चूक सगळ्यात त्रासदायक. आत येणारी वाट अपुरी असली की फॅन हवा मिळेल तिथून ओढतो, आणि बहुतेक वेळा ती मिळते टॉयलेटमधून. नहाणीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं पाणी सुकलेलं असेल तर थेट ड्रेनेजचा वास डेस्कपर्यंत येतो, आणि दोष साफसफाई करणाऱ्या मावशींवर ढकलला जातो. टॉयलेटचा स्वतःचा फॅन ऑफिसच्या वेळेत सतत चालू ठेवावा, दार आपोआप बंद होईल असं करावं आणि कमी वापराच्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावं.

भाड्याच्या गाळ्यात भिंत फोडायची परवानगी नसते. तिथे सरकत्या खिडकीची एक काच काढून त्या मापाचं ॲक्रिलिक किंवा जलरोधक प्लाय बसवतात आणि त्यात फॅनसाठी गोल कापतात. काच जपून ठेवली की गाळा सोडताना पूर्ववत करता येतं. तेही जमत नसेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार, दर दोन तासांनी दहा मिनिटं सताड उघडायचं. दिवसभर एक बोट फट ठेवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

एअर प्युरिफायर इथे मध्येच येतो आणि गोंधळ वाढवतो. हेपा फिल्टर धूळ, धूर, परागकण आणि विषाणू वाहणारे सूक्ष्म कण पकडतो, कार्बन डायऑक्साइड मात्र त्यातून आरपार जातो. एसीची जाळी तर केस आणि जाड धूळ अडवण्यापुरती असते. तिचं काम कॉइल वाचवणं. रूम फ्रेशनरने काहीच जात नाही, उलट आणखी एक रसायन हवेत मिसळतं. सकाळच्या पूजेची अगरबत्तीही बंद खोलीत न लावता उघड्या खिडकीपाशी लावावी, तिचा धूर तासन् तास रेंगाळतो.

बाहेरची हवाच खराब असली तर? हिवाळ्यात मुंबई-पुण्यातही सकाळी धूलिकणांचं प्रमाण वाढतं, आणि ऑफिस सिग्नलवर असेल तर विचारायला नको. तरीही पूर्ण बंद ठेवणं हे उत्तर नाही. हवा मागच्या बाजूने घ्यावी. जनरेटरचा धूर, पार्किंग, टॉयलेटची डक्ट आणि एसींची बाहेरची युनिटं यांच्यापासून जाळी लांब असावी. वाहतूक ओसरल्यावर जास्त हवा घ्यावी आणि आत आलेले कण प्युरिफायरने गाळावेत. इथे दोन्ही साधनं एकमेकांना पूरक ठरतात.

मालकांची शंका बिलाची असते, आणि ती रास्त आहे. मे महिन्यातल्या मुंबईत बाहेर 34 अंश आणि 60 टक्के आर्द्रता धरली, आत 26 अंश, तर सहा जणांच्या हवेपोटी एसीवर सुमारे 1.9 किलोवॉट, म्हणजे अर्ध्या टनाहून थोडा जास्त भार पडतो. विजेत तो तासाला अर्धा ते पाऊण युनिट होतो. पुण्यात डिसेंबरात हाच भार जवळजवळ शून्य, उलट बाहेरची हवा फुकट गारवा देते. बचत करायची जागा दुसरी आहे: तापमान. 1 जानेवारी 2020 पासून देशात स्टार लेबल असलेल्या रूम एसींचं मूळ सेटिंग 24 अंशांचं असतं, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 20 वरून 25 वर या, छताचा पंखा मंद ठेवा, ताज्या हवेचा खर्च त्यातून निघू शकतो.

कोकणपट्टी आणि गोव्यात पावसाळ्यात मात्र नियम थोडा बदलतो. बाहेर 90 टक्के आर्द्रता असताना फॅन सकाळपासून पूर्ण वेगाने चालवला तर कपाटामागे बुरशी धरते. आत आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राहावी. ती 65 च्या वर जाऊ लागली की फॅन मंद करा, एसी ड्राय मोडवर टाका, आणि मीटर 1000 ओलांडेल तेव्हाच वेग वाढवा. रात्री खिडक्या उघड्या टाकून जाऊ नये. एसीच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्यात. घरी जाण्याआधी पंधरा मिनिटं नुसता फॅन मोड चालवला की कॉइल सुकतं. कॉइल-ब्लोअर धुण्याची सर्व्हिस उन्हाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा करावी.

सेंट्रल एसीच्या मोठ्या इमारतीत या कुठल्याच गोष्टीवर आपला हात नसतो. तिथे फॅसिलिटी मॅनेजरला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. आमच्या मजल्याच्या एएचयूला (हवा गार करून मजल्यावर फिरवणाऱ्या यंत्राला) ताज्या हवेचा डँपर, म्हणजे झडप आहे का आणि तो आत्ता किती उघडा आहे? वीज वाचवण्यासाठी तो बंद करून तसाच राहिलेला असू शकतो. त्यातला फिल्टर कोणत्या दर्जाचा आहे आणि शेवटचा कधी बदलला? आणि मजल्याची रचना करताना इथे किती माणसं धरली होती? 60 जणांसाठी आखलेल्या मजल्यावर आज 100 खुर्च्या असतील तर डँपर पूर्ण उघडूनही हवा पुरणार नाही. मग पंखा, डक्ट किंवा माणसांची संख्या, यातलं काहीतरी बदलावंच लागेल.