प्रोस्टेटची गाठ, सुरी आणि किरणांचा हिशेब

सांगलीच्या विश्रामबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या साठी-सत्तरीच्या मंडळींत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, विषय निघाला की एकजण हमखास सांगतो, “त्यात काय घाबरायचं? माझ्या साडूचं दुर्बिणीतून केलं, तिसऱ्या दिवशी घरी!” त्यावर दुसरा म्हणतो, “कॅन्सर असला तर मात्र कापूनच टाकावं. शेक देतात तो ऑपरेशन न झेपणाऱ्यांना.” पहिल्याने दोन वेगळे आजार एकात एक मिसळलेत. दुसऱ्याची शेकाबद्दलची, म्हणजे रेडिएशनबद्दलची, माहिती फार जुनी झाली आहे.

दुर्बिणीतून करतात ते ऑपरेशन वयोमानाने वाढलेल्या, पण कॅन्सर नसलेल्या प्रोस्टेटसाठी असतं. लघवीची वाट मोकळी व्हावी म्हणून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात आणि बाहेरचा भाग तसाच ठेवतात. कॅन्सर बहुतेक वेळा नेमका त्या बाहेरच्या, गुदाशयाला टेकलेल्या भागात सुरू होतो. म्हणून “माझं प्रोस्टेट आधीच काढलंय” असं म्हणणाऱ्यालाही पुढे कॅन्सर होऊ शकतो. कॅन्सरचं ऑपरेशन बरंच मोठं असतं. त्यात अख्खी ग्रंथी वीर्यकोशांसकट काढतात आणि मूत्राशयाचं तोंड खालच्या मूत्रनलिकेला पुन्हा शिवतात.

आता दुसऱ्या गृहस्थांचं म्हणणं. ब्रिटनमध्ये फ्रेडी हॅम्डी आणि सहकाऱ्यांनी ‘प्रोटेक्ट’ नावाची चाचणी केली. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाचे, कॅन्सर ग्रंथीपुरताच असलेले १,६४३ पुरुष निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला हार्मोन दाबणाऱ्या औषधाच्या जोडीने रेडिएशन मिळालं, तिसऱ्यावर नुसती नियमित नजर ठेवली. पंधरा वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले एकूण ४५ : ऑपरेशनच्या गटात १२, रेडिएशनच्या १६, नजर ठेवलेल्या गटात १७. एवढा फरक योगायोगानेही पडतो. याच काळात सगळ्या कारणांनी मिळून ३५६ जण गेले, म्हणजे बहुतेकांना हृदयविकार, दुसरा एखादा कॅन्सर किंवा वयानेच गाठलं. नुसती नजर ठेवलेल्या गटात कॅन्सर शरीरात पसरण्याचं प्रमाण मात्र दुप्पट होतं, सुमारे ९ टक्के. उपचार घेतलेल्या दोन्ही गटांत ते ५ टक्क्यांच्या आसपास राहिलं.

यातले बहुतेक रुग्ण कमी किंवा मध्यम जोखमीचे होते. आपल्याकडे अनेकजण कंबर नाही तर मांडीचं हाड दुखायला लागल्यावर येतात. कॅन्सर हाडात गेलेला असेल तर मुख्य उपचार हार्मोनचे, तिथे सुरी की किरण हा प्रश्न बहुधा मागे पडलेला असतो.

मरणाचा हिशेब सारखा निघाला, तर निवड जगण्यावरून करायची. ऑपरेशनचा त्रास आधी येतो. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांपैकी ४६ टक्के लोक लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. पुढे हे प्रमाण बरंच उतरलं, तरी बाराव्या वर्षी २४ टक्के होतं. रेडिएशनच्या गटात ८ टक्के. लिंगाच्या ताठरतेच्या नसा ग्रंथीला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. त्या वाचवत ऑपरेशन कसं करायचं हे पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं, पण गाठ नसेपर्यंत पोचली असेल तर कौशल्य कितीही असो, नस कापावीच लागते. रेडिएशनचा त्रास उशिरा येतो आणि तो गुदाशयाचा असतो : शौचातून रक्त, घाई, क्वचित नियंत्रण सुटणं. बाराव्या वर्षी शौच नकळत गळण्याचं प्रमाण रेडिएशनच्या गटात १२ टक्के होतं, इतर गटांच्या दुप्पट.

रोबोटबद्दलही एक सांगून टाकतो, कारण जाहिराती पाहून लोक पुण्या-मुंबईला धावतात. रोबोट स्वतः काही करत नाही, सर्जन शेजारी बसून त्याचे हात चालवतो. ब्रिस्बेनला खुलं आणि रोबोटिक ऑपरेशन समोरासमोर तोललं, तेव्हा रक्तस्राव कमी झाला, पण लघवी आणि ताठरता दोन वर्षांनीही जवळपास सारखीच निघाली. हात कुणाचा, हे यंत्रापेक्षा महत्त्वाचं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. रेडिएशन एकदम का देत नाहीत? पूर्वी ३७-३९ दिवस, आता २०, आणि काही ठिकाणी फक्त ५. हा आकडा कुठून येतो?

यंत्रातून निघणारे क्ष-किरण पेशीतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. पेशीत बहुतांश पाणीच, त्यामुळे पाण्याच्या रेणूंपासून अतिशय क्रियाशील मुक्त कण तयार होतात आणि ते डीएनएवर तुटून पडतात. एक ग्रे (हे रेडिएशनच्या मात्रेचं माप) एवढ्या मात्रेत प्रत्येक पेशीत डीएनएचा एकच पदर तुटण्याच्या हजारभर घटना घडतात, तर दोन्ही पदर एकत्र तुटण्याच्या चाळीसेक. विहिरीच्या दोराचा एक पीळ तुटला तर सांधता येतो, दोन्ही एकाच जागी तुटले की बादली गेली, पेशीचंही तसंच. पण पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते आणि ती काही तासांत बरंच काम उरकते. निरोगी पेशींना सावरायला रात्र मिळावी, म्हणून मात्रा रोज थोडी थोडी.

पेशी मरायला दोन वाटा आहेत. एका वाटेत एकाच किरणाच्या माऱ्यात घातक तुटफूट होते, हे मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढतं. दुसऱ्या वाटेत दोन वेगळ्या माऱ्यांच्या जखमा दुरुस्तीआधी एकमेकींना गाठतात, आणि हे मात्रेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दोन्ही वाटांचा परिणाम ज्या मात्रेला समसमान होतो, तिला त्या ऊतीचं अल्फा-बीटा गुणोत्तर म्हणतात. भराभर वाढणाऱ्या बहुतेक गाठींत ते १० ग्रेच्या आसपास असतं. हळू पालटणाऱ्या निरोगी ऊतींत, उदाहरणार्थ गुदाशयाच्या उशिरा होणाऱ्या इजेसाठी, ते ३. गुणोत्तर जितकं लहान, तितकी ती ऊती रोजच्या मोठ्या मात्रेला हळवी. म्हणूनच दशकानुदशकं रोज २ ग्रेच दिले जात : गाठीला मार, गुदाशयाला सूट.

प्रोस्टेटने हा नियम उलटा केला. त्याच्या कॅन्सरपेशी इतक्या सावकाश वाढतात की दुप्पट व्हायला कित्येक महिने लागू शकतात. १९९९ मध्ये ब्रेनर आणि हॉल यांनी दाखवलं की या गाठीचं गुणोत्तर १.५ च्या जवळ असावं, गुदाशयापेक्षाही कमी. म्हणजे रोजची मात्रा वाढवली तर इथे गाठच जास्त मरते.

आकडेमोड कंटाळवाणी वाटली तर पुढचा परिच्छेद सोडा, मी मात्र ती केल्याशिवाय राहणार नाही. एकूण मात्रेला (१ + रोजची मात्रा भागिले गुणोत्तर) याने गुणायचं, की जैविक परिणाम मिळतो. जुनी पद्धत ३७ दिवस रोज २ ग्रे, एकूण ७४ : गाठीवर १७३, गुदाशयावर १२३. नवी पद्धत २० दिवस रोज ३ ग्रे, एकूण ६० : गाठीवर १८०, गुदाशयावर १२०. पाच दिवसांची पद्धत रोज ७.२५, एकूण ३६.२५ : गाठीवर २११, गुदाशयावर १२४. गुदाशय जागच्या जागी आणि गाठीवरचा मार वाढत जातो. गुणोत्तर १० असलेल्या नेहमीच्या गाठीला हेच तीन हिशेब लावले तर ८९, ७८ आणि ६३ येतात, उतरती भांजणी.

कागदावरचं हे गणित मोठ्या मात्रांना थोडं फुगतं, म्हणून रुग्णांवर पडताळावं लागलं. ‘चिप’ चाचणीत २० दिवस हे ३७ दिवसांच्या तोडीस तोड ठरले. ‘पेस-बी’ या दुसऱ्या चाचणीत पाच वर्षांनी कॅन्सर न उलटलेले ५ दिवसवाले ९५.८ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीचे ९४.६ टक्के होते. अर्थात रोजची मात्रा मोठी तर नेम अचूक हवा. प्रोस्टेट मागच्या गुदाशयातल्या वायूने आणि वरच्या मूत्राशयातल्या लघवीने काही मिलिमीटर सरकतं. म्हणून ठरावीक पाणी प्यायला सांगतात, पोट साफ ठेवायला सांगतात आणि टेबलावर झोपल्यावर आधी स्कॅन काढून जागा तपासतात.

जत किंवा आटपाडीहून रोज एसटीने मिरजेला येणाऱ्यासाठी हा फरक कागदी नाही. ३९ खेपा म्हणजे रविवार-शनिवार धरून जवळजवळ दोन महिने, सोबतच्या मुलाची मजुरी बुडणार ती वेगळीच. २० खेपा म्हणजे चार आठवडे. जी माणसं पूर्वी “एवढे हेलपाटे कोण घालणार, कापून टाका” म्हणत, त्यांनी आता रेडिएशनच्या डॉक्टरला “माझ्यासाठी किती दिवस?” हा प्रश्न जरूर विचारावा.

सांगलीत राहून हळदीबद्दल बोललो नाही तर बाजारपेठ रागवायची. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी मारतं हे खरं, पण आपण गिळलेलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही आणि जाईल ते यकृत लगेच मोडतं. दूध-हळद खुशाल प्या. त्याच्या भरवशावर बायॉप्सी पुढे ढकलू नका. आणि रेडिएशन चालू असताना मुक्त कण शोषून घेणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या जबर मात्रेच्या कॅप्सूल अनेक डॉक्टर बंद करायला सांगतात. कारण वर आलंच : ते मुक्त कणच तर आपलं काम करत असतात.

मग कोणी काय घ्यावं? लघवी तुंबत असेल, ग्रंथी फार मोठी असेल, तर रेडिएशनने सूज येऊन तुंबणं वाढू शकतं; तिथे ऑपरेशनकडे कल. हृदय-फुप्फुस कमजोर असेल, भूल धोक्याची असेल, तर किरण. आतड्याला जुनाट दाह असेल, तर पुन्हा ऑपरेशन. वय साठीच्या आत आणि तब्येत ठणठणीत असेल, तर ऑपरेशनच्या बाजूने एक मुद्दा राहतो : नंतर कॅन्सर उलटला तर काढलेल्या जागी रेडिएशन देता येतं, पण रेडिएशन दिलेली ग्रंथी कापणं फार अवघड जातं. जास्त जोखमीच्या गाठीत रेडिएशनबरोबर हार्मोनचं औषध दीड ते तीन वर्षं चालतं. अंगात गरम वाफा, थकवा, हाडं ठिसूळ होणं हे त्याच्यासोबत येतं, आणि हे आधी सांगितलेलं नसलं की घरात चिडचिड सुरू होते. सर्जन आणि रेडिएशनचा डॉक्टर, दोघांनाही स्वतंत्रपणे भेटावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याला तेच बरं वाटतं, आणि यात कुणाचा वाईट हेतू असावा लागत नाही.

उपचारानंतर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, कसा वाचायचा, हेही दोघांकडून समजून घ्या. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत तो जवळजवळ शून्यावर यायला हवा. ०.२ किंवा वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर पुढचा विचार सुरू होतो. रेडिएशननंतर ग्रंथी जागेवरच असते, म्हणून पीएसए दीड-दोन वर्षं हळूहळू उतरतो आणि मध्येच एकदा थोडा उसळून पुन्हा खाली येऊ शकतो. त्या उसळीला घाबरून लॅब बदलणारे बरेच असतात. रेडिएशननंतर सर्वांत खाली गेलेल्या आकड्यापेक्षा २ ने वर गेला, तरच कॅन्सर उलटला असं धरतात.