काळ्या रानात ओलाव्याचा सेन्सर

बेळगाव जिल्ह्यात अथणी-गोकाककडून खानापूरकडे निघालं की जमीन पार बदलते. तिकडे काळी, चिकट. इकडे घाटाच्या बाजूला तांबडी. घरच्या घरी ओलाव्याचा सेन्सर बनवणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावं. इंटरनेटवरून तयार प्रोग्राम उतरवला आणि मोबाईलवर ‘ओलावा ४० टक्के’ असं दिसलं, तरी तो आकडा आपल्या रानाचा असेलच असं नाही.

बहुतेकांची सुरुवात दोन खिळ्यांपासून होते. खिळे मातीत रोवायचे, त्यातून थोडी वीज सोडायची आणि रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायचा; माती ओली तितका तो कमी. पण एकाच दिशेने वीज वाहत राहिली की धन टोकाचा खिळा विरघळायला लागतो. शिवाय पोटॅशचा डोस पडला की मातीत क्षार वाढतात, वीज जास्त वाहते आणि पाणी न देताच रान ओलं ‘दिसतं’. शिकायला हा प्रयोग उत्तम, पण उसाच्या पाण्याचा निर्णय त्यावर सोडू नये.

दुसरा प्रकार कपॅसिटिव्ह सेन्सरचा. बाजारात मिळणाऱ्या चपट्या काळ्या पट्टीत तांब्याचे दोन पत्रे शेजारी-शेजारी झाकलेले असतात, धातू मातीला लागतच नाही. डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणजे पत्र्यांमधला पदार्थ विजेचा भार किती साठवू देतो त्याचं माप. हवेचा तो १, कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५ आणि पाण्याचा जवळपास ८०. एवढ्या मोठ्या फरकामुळे थोडं पाणी वाढलं तरी पट्टीची धारकता, म्हणजे भार साठवायची क्षमता, वाढते आणि बाहेर येणारं व्होल्टेज उतरतं. म्हणजे आकडा जितका कमी, तितकी माती ओली.

ही धारकता व्होल्टेजमध्ये उतरवण्याच्या कामात ५५५ टायमर असतो. हान्स कामेनझिंड यांनी रचलेली ही चिप १९७२ मध्ये बाजारात आली आणि आजही हौशी मंडळींच्या डब्यात सापडते. खरी गोम इथेच आहे. अनेक स्वस्त पट्ट्यांवर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) असतो, पण चिप बसवलेली असते एनई५५५, जिला किमान ४.५ व्होल्ट लागतात. तिथे टीएलसी५५५ हवी. ती २ व्होल्टवरही चालते. मोबाईलचा कॅमेरा झूम करून चिपवरची अक्षरं वाचा. मग मल्टिमीटरने आउटपुट (आकडा देणारी तार) आणि ग्राउंड (ऋण तार) यांमधला रोध मोजा. तो १ मेगाओमच्या आसपास हवा. काही पट्ट्यांवर हा रोध देणारा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नसतो, आणि मग आकडा स्थिरावायला फार वेळ घेतो. वेगळा रेझिस्टर डाग देऊन जोडला की काम होतं. पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, त्यांतून पाणी आत मुरतं. त्यांवर नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्या.

आता मातीकडे. या पट्टीला आपल्या अंगालगतच्या काही मिलिमीटरांतलंच कळतं. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात. पट्टी आणि माती यांच्यात हवा शिरली की आकडा ‘कोरडं’ म्हणतो, खाली वाफसा असला तरी. म्हणून पट्टी रोवताना माती कालवून घट्ट दाबावी आणि उन्हाळ्यात मधूनमधून भेग पडली का ते पाहावं. दुसरी गोष्ट, चिकणमाती पाणी धरून ठेवते. ज्या टक्क्याला तांबड्या रेताड मातीत पीक मजेत असतं, त्याच टक्क्याला काळ्या रानात ते सुकू शकतं.

म्हणून सेन्सरला आपल्याच रानाची माती दाखवावी लागते. प्रयोगशाळेत माती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवतात. घरी कडक उन्हात पसरून, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवली तरी कामापुरतं भागतं. ढेकळं फोडा, १ किलो माती प्लॅस्टिकच्या डब्यात भरा. पत्र्याचा डबा नको, धातूमुळे आकडा बिघडतो. कोरड्या मातीचा आकडा लिहून ठेवा. मग १०० मिली पाणी नीट कालवा, तेवढीच दाबून भरा, पुन्हा आकडा घ्या. हे झाले वजनाने १० टक्के. असं पुढे करत गेलं की आलेख तयार होतो. चिकोडीच्या मातीचा आलेख खानापूरला वापरू नका.

उसाला एक पट्टी १५ सेंटिमीटरवर आणि दुसरी ३० ते ४० सेंटिमीटरवर ठेवली, तर पाणी मुळांपर्यंत पोचलं का तेही कळतं. खोलवरच्या पट्टीचा वरचा, सर्किटचा भाग मात्र आधी राळेत पक्का बंद करायला हवा. मोटार आपोआप चालू करायचा मोह पहिल्या हंगामात आवरा, नुसत्या नोंदी ठेवा. आणि थ्री-फेज स्टार्टरला रिले (सेन्सरच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) जोडायची वेळ आली की वायरमनला बोलवा.