नोंदवहीतली माणसं : आमच्या व्हीआर अनुभवाविषयी

2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाज मॉरिशसला लागलं आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याचा मोठा सिलसिला सुरू झाला. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांहून अधिक माणसं तिथे उतरली. त्यांत मराठी माणसंही होती. पाठ्यपुस्तकात या सगळ्यांची बोळवण एखाद्या परिच्छेदात होते. आम्ही त्यांतल्या एकेकाची गोष्ट व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून बघायच्या आभासी जगात, स्वतंत्रपणे उभी करतो.

सुरुवात दप्तरापासून होते. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. एका ओळीत नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरच्या खुणा. 1860 च्या दशकापासून फोटोही काढले जाऊ लागले. मळा सोडून गेलेला माणूस ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू. आई कोण, घरी कोण राहिलं, हे विचारायची सरकारला गरज वाटली नाही.

हेडसेट लावल्यावर तुम्ही मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर, म्हणजे हे मजूर जिथे उतरत त्या ठिकाणी, तिथल्या 16 पायऱ्यांपाशी उभे राहता. मूळ वास्तूचा थोडाच भाग आज शिल्लक आहे. असा अवशेष चहूबाजूंनी शेकडो फोटो घेऊन त्रिमितीत उभा करता येतो. पुढचा प्रसंग पगाराच्या दिवसाचा. पुरुषाला महिना 5 रुपये ठरलेले, पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. टेबलावर मोजून ठेवलेली नाणी तुमच्यासमोर एकेक करून मागे ओढली जातात. हा प्रसंग आम्ही मुद्दाम सावकाश ठेवला आहे.

दप्तरात जे आहे ते पूर्ण रंगात दिसतं; आम्ही तर्काने भरलेलं राखाडी. माणसाच्या तोंडी मनची वाक्यं आम्ही घालत नाही. जबानी किंवा अर्ज सापडला तरच आवाज ऐकू येतो. काही ग्राहक ‘थोडं नाट्य घाला’ असं सुचवतात. त्याला आमचा ठाम नकार असतो, कारण या माणसांच्या वतीने आधीच इतरांनी पुष्कळ बोलून घेतलं आहे.

आपल्या पूर्वजाचा शोध घ्यायचा असेल तर नावापेक्षा जहाज आणि पोचल्याचं वर्ष जास्त उपयोगी पडतं. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे एकच माणूस दोन कागदांवर दोन तऱ्हांनी भेटतो. घरात मोडी कागद असतील तर लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. आहेत तसेच घेऊन या. स्कॅन करून मूळ कागद तुम्हाला लगेच परत मिळतात.

अनुभव बसून घ्यायचा आहे, चष्मा चालतो. गरगरल्यासारखं वाटलं तर हेडसेट लगेच काढा. कुटुंबाची सामग्री त्यांच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही कुणालाही दाखवत नाही.